सरपंचपद खुले झाले, म्हणून तुम्ही थांबायचे का?

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका गावच्या सरपंचबाईंचे हे पत्र आहे. मागच्या निवडणुकीत त्यांच्या गावचे सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होते. घरातून कोणीतरी उभे राहायला हवे म्हणून त्यांना उभे करण्यात आले आणि त्या थेट जनतेतून निवडून आल्या. पहिले वर्षभर कार्यालयाचे बरेचसे काम त्यांच्या यजमानांनीच पाहिले. पुढे मात्र त्या स्वतः मासिक सभा चालवू लागल्या, रखडलेली पाणीपुरवठा योजना त्यांनी मार्गी लावली आणि दोन ग्रामसभांत विरोधकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे दिली. नव्या सोडतीत हे पद आता खुले झाले आहे. त्यांना पुन्हा उभे राहायचे आहे; पण धाकट्या दिरांनाही उभे राहायचे आहे आणि मागच्या प्रचारात सर्वांत जास्त राबले ते दीरच. यजमान ‘तू ठरव’ एवढेच म्हणतात. सासूबाई म्हणतात, बायकांची पाळी झाली, आता पुरुषांना करू द्या. पॅनेलप्रमुखांच्या मते खुल्या जागेवर बाई पडते. बाई लिहितात, ‘आरक्षण नसते तर मला कोणी विचारलेही नसते. मग आता खुल्या जागेवर मी कोणत्या तोंडाने हक्क सांगू? लोकांना हे आवडेल का? आणि दिरांना काय सांगू?’

उत्तर :

ताई, कायद्याची बाजू आधी उरकू, कारण तुमच्या घरातला आणि पारावरचा अर्धा वाद तिच्याविषयीच्या गैरसमजातून आलेला आहे. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. यातला ‘किमान’ हा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात. निम्म्या जागा बायकांच्या ठरल्या म्हणजे उरलेल्या निम्म्या आपोआप पुरुषांच्या झाल्या, असा हिशेब मांडला जातो; प्रत्यक्षात पुरुषांसाठी राखीव असे एकही पद या कायद्यात नाही. खुल्या पदासाठी तुम्ही, तुमचे दीर आणि गावातील इतर कोणीही पात्र मतदार सारख्याच हक्काने अर्ज भरू शकतात. त्यामुळे सासूबाई म्हणतात तशी पाळी इथे नाही. (हाच हिशेब अनुसूचित जातीचा किंवा इतर मागासवर्गाचा उमेदवार खुल्या जागेवर उभा राहिला की त्यालाही ऐकवला जातो. ‘तुमच्या राखीव जागा आहेत ना?’ असे विचारणाऱ्याला कायदा ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असूनही तो सांगायचा नसतो.)

शिवाय बायकांनी आरक्षणाविना उभे राहण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन १९८६ मध्ये झाले. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा यांसारख्या गावांत १९८९ च्या सुमारास बायकांची संपूर्ण पॅनेले निवडून आली. तेव्हा ७३ वी घटनादुरुस्ती झालेलीही नव्हती. हे तुमच्या पॅनेलप्रमुखांना अवश्य सांगा. वयाने ते ज्येष्ठ असतील, तर त्यांना त्या काळातले बरेच काही आठवतही असेल.

आता तुमच्या ‘लोकांना आवडेल का’ या प्रश्नाकडे येऊ. हे ‘लोक’ कोण, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. सासूबाई, पॅनेलप्रमुख आणि पारावर बसणारी मंडळी यांची मते तुमच्या कानावर आपोआप येतात, कारण ती बोलून दाखवणारी माणसे आहेत. गावातल्या निम्म्या मतदार बायका आहेत आणि त्यांच्यापैकी एकीचेही मत तुमच्या पत्रात नाही. मताचा अंदाज घ्यायचा तर तो सर्वांचा घ्यायला हवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांना विचारले होते की राजकीय नेतृत्व पुरुष चांगले करतात की स्त्रिया. ५५ टक्के लोकांनी दोघेही सारखेच असे सांगितले, १४ टक्क्यांनी स्त्रियांना झुकते माप दिले आणि पुरुषच चांगले असे म्हणणारे साधारण एक-चतुर्थांश निघाले. आता निकालांकडे पाहा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभेत तर त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत राहिले आणि या राज्यात आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. मतदारांपैकी बहुतेकांना अडचण नसेल, तर एवढी मोठी गळती कुठे होते? माझ्या मते ती मतपेटीच्या पुष्कळ अलीकडे, उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीतच होते. तुमच्या बाबतीतही अजून एकाही मतदाराने नकार दिलेला नाही. नकार आला आहे तो घरातून आणि पॅनेलच्या बैठकीतून.

अर्थात सर्वेक्षणात दिलेले उत्तर आणि मतदान यंत्रावर दाबलेले बटण यांत अंतर असते, म्हणून याच विषयावरचा एक अधिक कसोशीचा अभ्यास सांगते. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपदाचे (म्हणजे तिथल्या सरपंचपदाचे) आरक्षण गावोगाव फिरते. त्याचा फायदा घेऊन एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण काहींना पुरुषाच्या आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवले आणि वक्ता कसा वाटला ते विचारले. जिथे कधीच स्त्री प्रधान झालेली नव्हती, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे स्त्री प्रधानाचा अनुभव गावाने घेतला होता, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. मात्र याच पुरुषांना ‘तुम्हाला नेता म्हणून कोण आवडेल’ असे सरळ विचारल्यावर त्यांची पुरुषांकडची ओढ तशीच कायम असल्याचे दिसले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्या गावालाही लागू पडण्याचा संभव आहे. ‘बाई नको’ असे तोंडाने म्हणणारा माणूस तुमच्या कामाला मनातल्या मनात बरोबर गुण देत असू शकतो. म्हणून त्याच्याशी ‘बाई असावी की नसावी’ या तात्त्विक वादात पडू नका. पाणी नळाला किती वाजता येते आणि पूर्वी किती वाजता येत असे, यावर बोला.

‘खुल्या जागेवर बाई पडते’ या पॅनेलप्रमुखांच्या म्हणण्यालाही आपल्याच राज्यातले एक उत्तर आहे. मुंबई महापालिकेच्या १९९७ च्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने या प्रभागांची तुलना आधी राखीव नसलेल्या प्रभागांशी केली, तेव्हा पूर्वी राखीव असलेल्या प्रभागांतून स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. याचे एक कारण असे की आरक्षणामुळे पुढे आलेल्या स्त्रिया आरक्षण उठल्यावरही जिंकण्याजोग्या उमेदवार ठरल्या, आणि दुसरे असे की बाई जिंकू शकते हे पक्षांनाच नव्याने कळले. पाचपट ऐकून हुरळून जाऊ नका, कारण मूळ प्रमाण अगदीच लहान होते आणि पाचपट होऊनही पुरुषांचेच पारडे जड राहिले. मुंबईचा प्रभाग आणि तुमचे गाव यांतही फरक आहे. तुमच्याकडे पक्षचिन्ह नाही आणि भावकी आहे. पण पॅनेलप्रमुख अनुभवाच्या नावाखाली जे सांगत आहेत, ते निदान सरसकट खरे नाही, एवढे या अभ्यासावरून नक्की म्हणता येते.

तुमच्या पत्रातले जे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, ते मात्र इतरांचे नाही, तुमचेच आहे. आरक्षण नसते तर मला कोणी विचारलेही नसते, म्हणून आता हक्क कसा सांगू, असे तुम्ही लिहिता. यातला पहिला भाग बहुधा खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. राजकारणात पहिला प्रवेश कोणाला कशामुळे मिळतो याची यादी केली, तर वडिलांची सोसायटी, सासऱ्यांचा दूध संघ, चुलत्यांचे आमदारपद अशी कारणे बहुतेक पुरुषांच्या नावापुढेही लिहावी लागतील आणि त्यांच्यापैकी कोणीही ‘मी कोणत्या तोंडाने’ असे विचारत नाही. गोव्याच्या शशिकला काकोडकर यांचे उदाहरण घ्या. वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्या मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा त्यांना वडिलांच्या नावाचे बळ मिळाले हे उघडच होते. पण १९७७ च्या निवडणुकीनंतर त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. त्या दुसऱ्या खेपेला लोकांसमोर त्यांचा स्वतःचा कारभार होता. दार कशामुळे उघडले आणि आत गेल्यावर काय केले, हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. तुमच्या गावाने आता दुसरा हिशेब तपासायचा आहे.

तो तपासण्याआधी तुम्ही स्वतः एकदा तपासा, आणि इथे मी तुम्हाला सवलत देणार नाही. पहिले वर्ष यजमानांनी काम पाहिले, असे तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे. पत्नीच्या खुर्चीवर पतीने बसण्याचा हा प्रकार इतका सर्वदूर आहे की मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातील एका गावात निवडून आलेल्या सहा स्त्रियांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेतली. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने अशा परस्पर कारभारासाठी जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केलेली आहे. घरच्यांची मदत घेणे यात गैर काही नाही. पुरुष सरपंचही मदत घेतातच, कोणी भावाची, कोणी ग्रामसेवकाची, तर कोणी ठेकेदाराची, आणि ती मदत कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. प्रश्न एवढाच की निर्णय कोणाचा. तुमच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल आज कोणाकडे असते? पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कोणत्या कामांवर खर्च झाला, हे ग्रामसभेत यजमानांकडे न पाहता तुम्ही सांगू शकता का? मासिक सभेच्या इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी तुम्ही ते वाचता का? उत्तरे ‘माझ्याकडे’, ‘हो’ आणि ‘हो’ अशी असतील, तर पहिल्या वर्षाचा विषय विरोधकांनी काढण्याआधी तुम्हीच काढा आणि त्यानंतर काय बदलले ते सांगा. उत्तरे तशी नसतील, तर खुल्या जागेची लढत आणखी अवघड होईल, कारण तेव्हा विरोधक तुमच्यावर नव्हे, तुमच्या यजमानांवर प्रचार करतील आणि तुमच्याजवळ उत्तर नसेल.

आता दिरांविषयी. पत्र वाचताना मला असे वाटले की तुम्ही त्यांना नकळत सासूबाईंच्या आणि पॅनेलप्रमुखांच्या रांगेत बसवले आहे. ते तसे असतीलही. पण मागच्या वेळी पद राखीव झाले म्हणून तुम्हाला उभे केले, तेव्हा घरात एक न बोललेला करार झाला असण्याची शक्यता आहे, ही पाच वर्षे वहिनी आणि पुढची संधी धाकट्याला. हा करार तुम्हाला विचारून झाला नसेल, तर तो तुमच्यावर बंधनकारक नाही. मात्र दिरांनी त्याच भरवशावर उन्हातान्हात तुमचा प्रचार केला असेल, तर त्यांची निराशा खोटी ठरत नाही. त्यांच्याशी बोलताना पाळी आणि हक्क हे विषय बाजूला ठेवून त्यांना सरपंच होऊन काय करायचे आहे, हे विचारा. उत्तर ऐकून तुम्हाला ते काम अधिक चांगले करतील असे प्रामाणिकपणे वाटले, तर थांबण्यात कोणताही पराभव नाही आणि समस्त स्त्रीजातीचा विश्वासघातही नाही. तुम्ही दमला असाल, मुलांच्या शिक्षणाकडे पाहायचे असेल, तरीही थांबावे. गावातल्या प्रत्येक बाईच्या वतीने लढण्याचा ठेका तुम्ही घेतलेला नाही. फक्त ‘खुली जागा पुरुषांची’ या एकाच कारणासाठी थांबू नका. तसे थांबलात, तर पुढच्या सोडतीत कोण्या दुसऱ्या बाईला हेच ऐकवताना तुमचे उदाहरण दिले जाईल.

मधले मार्गही लोक सुचवतील. दीर सरपंच आणि तुम्ही प्रभागातून सदस्य, पुढे जमले तर उपसरपंच, हा त्यातला सर्वांत गोड वाटणारा पर्याय आहे. माझे मत विचाराल तर तो टाळावा. एकाच घरात दोन पदे मागितली की ‘सगळे यांच्याच घरात’ ही कुजबूज सुरू होते आणि त्यात दोघेही पडतात. शिवाय पाच वर्षे सरपंच असलेल्या बाईने उपसरपंचपद मागितले की लोक त्याचा अर्थ पायउतार होणे असाच लावतात. पंचायत समितीच्या गणातून उभे राहणे हा पर्याय मात्र गंभीरपणे विचारात घ्यावा, विशेषतः तुमच्या पाणी योजनेचे नाव शेजारच्या गावांत पोहोचले असेल तर. तिथे पक्षाची उमेदवारी मिळवावी लागते, खर्च वाढतो आणि भावकीची मते पुरत नाहीत. पण दिरांशी थेट टक्करही होत नाही. आणि काही झाले तरी तुम्ही आणि दीर दोघांनी एकाच पदासाठी अर्ज भरू नका, कारण त्यातून तिसऱ्याचेच काम सोपे होईल.

उभे राहायचे ठरवलेत, तर प्रचारापेक्षा कागदांकडे आधी लक्ष द्या. स्त्री सरपंचाला मतांनी हरवता आले नाही की तिला अपात्र ठरवण्याचा मार्ग शोधला जातो, हा माझा तर्क नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या सरपंचबाईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०२४ मध्ये यावर बोट ठेवले आहे. सासूबरोबर सरकारी जागेतील घरात राहतात, या आरोपावरून जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी ते कायम केले आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि स्त्री सरपंच झाली हे गावातल्या मंडळींना पचलेले नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले. न्याय मिळाला खरा, पण दिल्लीपर्यंत जावे लागले. म्हणून तुमचे घर, गोठा, अंगणातली भिंत, यांतले काही गावठाणाच्या किंवा गायरानाच्या जागेत सरकले आहे का, हे नमुना ८ (ग्रामपंचायतीतली घरांच्या कर आकारणीची नोंद) आणि मोजणीच्या नकाशावरून आजच पाहून घ्या. कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणाचाही मुद्दा तुमच्याविरुद्ध काढला जाऊ शकतो. घरपट्टी व पाणीपट्टीचे बिल आल्यापासून तीन महिन्यांत ती भरली नाही, तर तेही अपात्रतेचे कारण होते, तेव्हा पावत्या जपून ठेवा. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नसावे, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत सादर करायला हरलेले उमेदवार हमखास विसरतात आणि पुढच्या निवडणुकीत घरी बसतात.

मग बायकांकडे जा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. तुमची मुदत संपण्यापूर्वीची सभा खरीखुरी घ्या, वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना येता येईल अशा वेळी, आणि तिथे मत मागण्याआधी कोणती कामे राहिली ते विचारा. बचत गटांतल्या बायका तुमच्याशी जे बोलतील, ते पारावर कधीच ऐकू येणार नाही. मात्र सर्व बायका बाई म्हणून तुम्हालाच मत देतील, हेही गृहीत धरू नका. त्यांनाही भावकी आहे, शेताचा बांध आहे आणि घरात सांगणारी माणसे आहेत. पुरुष मतदारांसमोर केवळ पाणी योजनेवर थांबू नका. पाणी हे बायकांचे काम म्हणून कौतुक होते आणि रस्ते, निविदा, वसुली ही ‘खरी’ कामे पुरुषांची समजली जातात. त्या कामांचेही आकडे तुमच्या तोंडावर असू द्या. प्रचारात चारित्र्यावर बोलले जाईल, त्याची मनाची तयारी ठेवा. समाजमाध्यमांवर कोणी असे काही लिहिले, तर वाद न घालता त्याचे स्क्रीनशॉट काढून तक्रार द्या.

पॅनेलची बैठक होण्याआधी निर्णय घ्या आणि तो सर्वप्रथम दिरांना तुम्ही स्वतः सांगा, यजमानांकरवी नाही. सासूबाई त्या वेळी समोर असल्या तर उत्तमच. ‘भाऊजी, मागच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी राबलात, ते मी विसरलेले नाही, पण मला अजून पाच वर्षे काम करायचे आहे,’ एवढे बोलून त्यांना काय हवे आहे ते विचारा आणि ऐकून घ्या. पंचायत समितीच्या गणातून त्यांनी उभे राहावे आणि त्यांच्या प्रचाराला तुम्ही जावे, असेही त्या बोलण्यातून निघू शकते. तसे निघाले तर त्याचा शब्द तिथेच, सर्वांसमोर द्या. मागच्या वेळेसारखा न बोललेला करार पुन्हा नको.